रैन बसेऱ्यांसाठी (बेघरांच्या रात्रीच्या निवाऱ्यांसाठी) निगमच्या (महापालिकेच्या) बजेटमध्ये वेगळी तरतूद हवी: ग्वाल्हेरकरांनो, मार्चच्या आधी बोलू या

जनकगंज

नमस्कार मंडळी. घोंगड्यांची वर्गणी यंदाही सुरू झाली, मीही दिली. वाटप व्हायलाच हवं. पण परवा रात्री उशिरा बाड्यावर (महाराज बाडा चौकात) एका ठेलेवाल्याशी बोलणं झालं, आणि तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात आहे.

तो आपल्याच ठेल्यावर झोपतो. खाली पुठ्ठा, त्यावर गोणपाट, वर दोन कंबल आणि सगळ्यावर तिरपाल, कारण पहाटे दव पडून कंबल भिजतं. म्हणाला, "कंबल तो हर साल मिल जाता है भैया, दिन में रखें कहाँ?" सकाळी धंदा लावायचा तर ठेला मोकळा करावा लागतो. पथारी कुठे भिंतीआड खोचली तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलतं, नाहीतर ती कचऱ्याच्या गाडीत जाते. जानेवारीत मिळालेली घोंगडी फेब्रुवारीपर्यंत टिकत नाही. रैन बसेऱ्यात का जात नाही विचारलं, तर त्याने ठेल्याकडे बोट दाखवलं. ठेला आत घेत नाहीत, आणि रात्रभर बाहेर सोडला तर सकाळी त्याची चाकंही जागेवर असतील याचा भरवसा नाही.

माझं म्हणणं असं. थंडीपासून माणूस वाचवायचा तर निवारा लागतो, आणि निवारा चालतो तो रोजच्या खर्चावर. भिंती, पलंग, बोर्ड यांचा खर्च एकदाच होतो. रात्रभर जागा राहणारा माणूस, धुतलेली रजई, चालू संडास, सामानाला कुलपाची पेटी, यांना दर महिन्याला पैसा लागतो. तो निगमच्या बजेटमध्ये स्वतःच्या नावाने, वेगळ्या ओळीत यायला हवा. आज थंडी वाढली की "तातडीची व्यवस्था" म्हणून चार ठिकाणी शेकोटीची लाकडं पडतात आणि संक्रांतीनंतर सगळे विसरतात.

ही काही मेहेरबानी मागणं नाही. २०१० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात (पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेची २००१ ची याचिका) सांगितलं होतं की मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे किमान एक निवारा हवा, आणि तो चोवीस तास, बारा महिने चालायला हवा. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत ऐन कडाक्यात एक तात्पुरता निवारा पाडला गेला, त्यावरून हे प्रकरण न्यायालयापुढे आलं. आपल्या निगमची वस्ती २०११ च्या जनगणनेतच साडेदहा लाख होती. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेसुद्धा दहा पूर्ण वेळ चालणारे निवारे व्हायला हवे होते.

बजेट मार्च-एप्रिलमध्ये निगमच्या परिषदेपुढे येतं. जानेवारीत आरडाओरडा केला तर हातात लाकूडच पडणार. म्हणून आत्ताच विचारतोय, कोणाला काय माहीत आहे आणि कोण काय करू शकेल?

पाटणकर_बाजार

विषय चांगला आहे, पण मी उलट बाजू मांडतो. शहरात तिघरा धरणाच्या पाण्याची बोंब दर उन्हाळ्यात ठरलेली. रस्ते खणून ठेवलेत. निगमकडे पैसा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी आणखी एक मद (खर्चाची बाब) वाढवा म्हणायचं? आणि रैन बसेरे आहेत की! त्यातले पलंग रिकामे असतात असं वर्तमानपत्रात दरवर्षी फोटोसकट येतं. लोकांना जायचंच नसेल तर करदात्याने आणखी पैसे का घालायचे? आधी आहेत ते भरा, मग नवीन मागा.

मुरारची_माई

पाटणकर बाजार, पलंग रिकामे का राहतात ते जनकगंजकरांनी वर लिहिलंच आहे. मी दुसरं एक सांगते. "बेघर" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिकारीच येतात. जयारोग्य रुग्णालयाच्या आवारात आणि कमलाराजा रुग्णालयाच्या बाहेर रात्री अकरानंतर जाऊन बघा. भिंड, मुरैना, श्योपूर, शिवपुरी, दतियाहून आलेले पेशंटचे नातेवाईक फरशीवर झोपलेले दिसतील. बाळंतिणीबरोबर एकाच बाईला आत राहू देतात. नवरा, सासरा, मोठं पोर बाहेर. ही माणसं चार दिवसांसाठी बेघर असतात. लॉजला तीनशे-चारशे रुपये देण्यापेक्षा ते औषधाला ठेवतात. त्यांना स्टेशनजवळच्या बसेऱ्याचा काय उपयोग? पेशंटचं नाव पुकारलं तर पाच मिनिटांत हजर व्हावं लागतं.

रात्रपाळी

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो, कारण काही हिवाळे एका रैन बसेऱ्यात केअरटेकर म्हणून काढलेत. जागेचं आणि एजन्सीचं नाव घेत नाही.

संध्याकाळी सातला कुलूप उघडायचं, सकाळी आठला रजिस्टर भरून बंद करायचं. मी एकटा. कागदावर तिघे होतो. उरलेल्या दोघांची नावं मी फक्त हजेरीच्या कागदावर पाहिली. पगार दोन-दोन महिने थकायचा. विचारलं की एजन्सीवाला सांगायचा, वरून बिल निघालं नाही.

आता पलंग रिकामे का, ते सांगतो. आधारकार्ड. मला आदेश होता, आधारशिवाय नाव लिहायचं नाही. फुटपाथवर झोपणाऱ्याचं पहिल्यांदा चोरीला जातं ते कापडात बांधलेलं कागदांचं पुडकं. एक म्हातारा रोज यायचा, दारातून बघायचा, मी मान हलवायचो की तो परत जायचा. एका रात्री धुकं एवढं दाट होतं की समोरच्या विजेच्या खांबाचा दिवा दिसेना. तेव्हा मी त्याला आत घेतलं आणि रजिस्टरात माझाच पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी तपासणी आली असती तर माझी नोकरी गेली असती.

दुसरं म्हणजे रजया. कंत्राटात धुलाई "आवश्यकतेनुसार" होती. आवश्यकता ठरवणार कोण? मी होतो तेवढ्या काळात रजया उन्हात घातल्या त्या मीच, माझ्या झोपेच्या वेळेत. ज्या माणसाला अंगावर ढेकूण आणि उवा घेऊन उठायचंय तो आत येईल, की बाहेर शेकोटीपाशी बसेल? मीही बाहेरच बसलो असतो.

तिसरं, नवरा-बायको. पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी, आणि बायकांच्या खोलीला आतून कडी नव्हती. मजूर जोडपी बघून निघून जायची. बाई म्हणायची, मी एकटी त्या खोलीत झोपणार नाही, हा बाहेर थांबणार असेल तर मीही बाहेरच. काय चुकीचं बोलत होती?

चौथं, दारू. प्यालेल्याला आत घ्यायचं नाही असा नियम. नियम समजतो, भांडणं होतात. पण एकटा माणूस पन्नास जणांना सांभाळत असेल तर तो दार बंदच करणार. दोन माणसं असती तर एका कोपऱ्यात वेगळं झोपवता आलं असतं. म्हणून सांगतो, पाटणकर बाजार, रिकामे पलंग बघून पैसे कमी करू नका. ते पैसे कमी पडल्यानेच रिकामे आहेत.

कंपू_कट्टा

रात्रपाळी भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ही आतली माहिती कुठल्याच बातमीत येत नाही.

हिशोबनीस

रात्रपाळींचा अनुभव आकड्यांत बसवून बघू.

केंद्राच्या शहरी आजीविका मिशनमध्ये (२०१३ पासून) बेघरांच्या निवाऱ्याचा वेगळा घटक होता. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी किमान ५० चौरस फूट. रजया-गाद्यांची नियमित धुलाई, सामानाच्या पेट्या, स्वयंपाकाची जागा, प्रथमोपचार, आठ-आठ तासांच्या पाळीने तीन केअरटेकर, हे सगळं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. म्हणजे काय हवं हे कोणाला माहीत नाही असं नाही. ५० जणांच्या निवाऱ्याच्या देखभालीला वर्षाला ६ लाख रुपये, तेही सुरू झाल्यापासून पाच वर्षांपुरते.

६ लाख भागिले ५० माणसं भागिले ३६५ रात्री. माणशी एका रात्रीला साधारण ३३ रुपये होतात.

आता खर्च. केअरटेकरला महिना १०,००० धरा (मुद्दाम कमी धरतोय). तिघांचे वर्षाचे ३,६०,०००. उरले २,४०,०००, म्हणजे महिन्याला २०,०००. त्यात वीज, पाणी, संडासची सफाई, पन्नास रजयांची आणि चादरींची धुलाई, ढेकणांची फवारणी, नळदुरुस्ती, बल्ब. होत नाही. एजन्सीने स्वतःसाठी काहीही काढलं नाही असं धरलं तरी होत नाही. मग आधी गळतो तिसरा केअरटेकर, त्यानंतर धुलाई, आणि शेवटी दुसरा केअरटेकर. रात्रपाळी जो निवारा सांगताहेत तो याच वजाबाकीतून उरलेला आहे.

आणि या मिशनची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. केंद्राचे पैसे आपसूक येत राहतील असं धरून बसण्यात अर्थ नाही. आता तरी भार निगमच्या स्वतःच्या बजेटवर यायला हवा.

किती भार? एक निवारा नीट चालवायला वर्षाला १० लाख धरले, तर दहा निवाऱ्यांचे १ कोटी. निगमचं बजेट शेकडो कोटींचं असतं. पाटणकर बाजार, तिघऱ्याचं पाणी या एका कोटीमुळे अडलेलं नाही.

एक आणखी. "बेघर आहेतच किती?" असं परिषदेत हमखास विचारतील. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. पुलाखाली, पाइपात, देवळाच्या मंडपात, प्लॅटफॉर्मवर जे सापडले ते मोजले. तरीसुद्धा मध्य प्रदेशात जवळपास १ लाख ४६ हजार निघाले. एका रात्रीत शोधून सापडले तेवढेच हे. खरा आकडा याच्या वरच असणार. निगमने स्वतः रात्रीचं सर्वेक्षण करावं ही मागणी आपल्या पत्रात आली पाहिजे.

रिटायर्ड_डॉक्टर

थंडीने माणूस मरतो म्हणजे नेमकं काय होतं हे थोडं लिहितो, कारण पैसा कशावर लागावा हे त्यावरून ठरतं.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. आधी माणूस थडथड कापतो. मग कापणं थांबतं, आणि बघणाऱ्याला वाटतं आता बरा झाला. तसं नसतं, शरीर थकलेलं असतं. बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, माणूस विचित्र वागतो, कधी अंगावरचे कपडे काढून टाकतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दारुडा वाटतो आणि तो पुढे निघून जातो. कित्येक वेळा त्याने थोडी प्यालेलीही असते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, ऊब वाटते, आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते. रात्रपाळींच्या बसेऱ्यातून ज्याला दारातून परत पाठवतात, त्याला सगळ्यात जास्त धोका असतो.

अशा माणसाचे हातपाय जोरात चोळू नका, एकदम शेकोटीजवळ ओढू नका. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा पाजा, १०८ ला फोन करा.

आणि वाटपवाल्यांना विनंती. अंगावर दोन घोंगड्या आणि खाली उघडी फरशी असेल तर उपयोग अर्धाच. जमीन उष्णता खेचून घेते. घोंगडीबरोबर जाड सतरंजी, फोमची चटई, निदान पुठ्ठा द्या. बसेऱ्यात पलंग असले तर ही अडचण राहत नाही. पलंगाचा खरा फायदा तोच आहे.

बंद खोलीत अंगीठी (कोळशाची शेगडी) मात्र कदापि नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. दरवर्षी अशा बातम्या येतात. ऊब हवी तर भिंतीला लावलेला विजेचा हीटर, नाहीतर भरपूर कोरड्या रजया आणि फटी बुजवलेल्या खिडक्या. मंजुरी देताना वीजबिलाचा आकडा वेगळा दाखवा, नाहीतर हीटर बसतील आणि बंद राहतील.

कंपू_कट्टा

अलावच्या (चौकातल्या शेकोट्यांच्या) लाकडावर एक मुद्दा. ग्वाल्हेर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी आहे. एकीकडे हवा सुधारायला पैसे घ्यायचे आणि दुसरीकडे चौकाचौकात ओली लाकडं धुमसत ठेवायची. शेकोटी बंद करा असं मी म्हणत नाही. आज रात्री ज्याला जागा नाही त्याला तीच आधार आहे. पण लाकडावर दरवर्षी किती खर्च होतो तो आकडा काढायला हवा. एका रात्रीत राख होणारा पैसा तो.

न्यूजर्सीत_लष्करकर

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलो, आता न्यूजर्सीत असतो, कामाला न्यूयॉर्कला जातो. तिथली एक पद्धत सांगतो. सगळं तिकडचं चांगलं असं मला म्हणायचं नाही, तिथेही रस्त्यावर माणसं झोपतात आणि निवाऱ्यांबद्दल तक्रारी आहेत.

न्यूयॉर्कमध्ये "कोड ब्लू" म्हणतात. संध्याकाळी ४ ते सकाळी ८ या वेळात तापमान ३२ फॅरनहाइट, म्हणजे आपलं शून्य सेल्सियस, किंवा त्याखाली जाणार असेल (वाऱ्यामुळे जाणवणारा गारठाही धरून), तर ते आपोआप लागू होतं. त्या रात्री कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही. कागद नाहीत, यादीत नाव नाही, नेहमीचे नियम पाळले नाहीत, काहीही असो, आत घ्यायचं. रस्त्यावर फिरणारी पथकं वाढवतात.

मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की हे कोणा साहेबाच्या मर्जीवर नाही. आकडा आधीच लिहून ठेवलेला आहे, आणि तो आला की पैसे खर्च करायची परवानगी त्याच क्षणी असते. आपल्याकडे शून्याची वाट बघून चालणार नाही. आपली माणसं ओल्या धुक्यात, सुती कपड्यांवर असतात. आपला आकडा वेगळा ठरवावा लागेल.

तहसील_निवृत्त

आकड्यावरून आठवलं. हवामान खातं मैदानी भागात शीतलहर केव्हा म्हणतं? किमान तापमान १० किंवा कमी असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं असेल तेव्हा, किंवा सरळ ४ अंशांवर वा त्याखाली आलं तेव्हा. २ वर आलं की तीव्र शीतलहर. ग्वाल्हेर-चंबळला हे इशारे दर हिवाळ्यात येतात. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं ढगाळ-पावसाळी हवामान) सरला, आकाश निरभ्र झालं, उत्तरेचा वारा सुटला की दोन रात्रींत पारा उतरतो. म्हणजे एक-दोन दिवस आधी कळतं. तेवढ्यात दारं उघडायची सोय करता येते.

नोकरीत असताना पाल्याने (थंडीत पडणाऱ्या हिमतुषाराने) हरभरा-मसूर गेल्याचे पंचनामे कितीतरी केले. आरबीसी सहा-चारमधून (महसूल खात्याच्या मदतीच्या नियमांतून) शेतकऱ्याला मदत जाते, जायलाच हवी. पाला आणि शीतलहर या दोन्ही केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत आहेत, म्हणजे राज्य आपत्ती निधीचं दार या विषयाला बंद नाही. पण शेतातल्या पाल्याला पंचनामा आहे आणि फुटपाथवर गारठलेल्या माणसाला नाही. सकाळी मृतदेह सापडला तर "अज्ञात, अंदाजे वय ६०" एवढीच नोंद होते. कारणात थंडी लिहिलीच जात नाही, त्यामुळे थंडीने कोणी मेलं नाही असं उत्तर विधानसभेपर्यंत जाऊ शकतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाल तेव्हा हिवाळ्यातल्या बेवारस मृत्यूंची नोंद वेगळी ठेवा, ही मागणी जरूर करा. आपत्ती म्हणून पैसा मागायचा तर आपत्ती कागदावर दिसावी लागते.

वाचक_इंदूर

इंदूरहून लिहितोय. निवाऱ्याच्या गोष्टी करताना एक भीती बोलून दाखवतो. २९ जानेवारी २०२१ ला आमच्या निगमच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून क्षिप्रा गावाजवळ सोडून दिलं होतं. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, म्हणून ती माणसं परत गाडीत चढवली गेली. अधिकारी निलंबित झाला. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आम्ही मिरवत होतो त्याच काळातली ही गोष्ट. नंतर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा, असं जाहीर झालं.

म्हणून सांगतो, पत्रात "बेघरांना रस्त्यावरून हटवून निवाऱ्यात हलवावे" असं वाक्य चुकूनही घालू नका. निवारा ऐच्छिकच हवा. माणूस पोलिसाच्या किंवा निगमच्या गाडीला एकदा घाबरला की बसेऱ्याचं दार सताड उघडं असलं तरी येत नाही. रात्रीच्या पथकाबरोबर कर्मचाऱ्यापेक्षा ओळखीचा माणूस असावा. तुमच्या रात्रपाळींसारखा.

पाटणकर_बाजार

सगळं वाचलं. हिशोबनीसांचा हिशोब मान्य, एवढ्या पैशाने पाणीयोजना अडत नाही. माझा मूळ आक्षेप तिथपर्यंत मागे. पण एक अडचण अजून आहे आणि ती बोलायला लोक लाजतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा निवारा करायचा म्हटला तर मीच नाही म्हणेन. नशेची इंजेक्शनं, भांडणं, पोरीबाळींची ये-जा. याचं उत्तर कोणाकडे आहे?

मुरारची_माई

स्पष्ट बोललात हे चांगलं झालं. माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. दोन गोष्टी सांगते.

ती माणसं आत्ताही तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच झोपताहेत, फक्त छपराशिवाय आणि कोणाच्याही देखरेखीशिवाय. नीट चालणाऱ्या निवाऱ्यात दोन जागे केअरटेकर असतील, दिवा असेल, संडास असेल. भिंतीच्या आडोशाला होणारा त्रास तिथे कमी होतो. केअरटेकरशिवाय उघडलेला निवारा मात्र मलाही शेजारी नको.

दुसरी गोष्ट बायकांची. एकटी बाई रस्त्यावर झोपते तेव्हा ती झोपतच नाही. आमच्या बाजूला एक आजी होती, रात्रभर देवळाच्या पायरीवर बसून राहायची आणि दिवसा उन्हात पेंगायची. लोक म्हणायचे वेडी आहे. वेडी नव्हती, दिवसा झोपणं सुरक्षित होतं म्हणून तसं करायची. बायकांचा निवारा वेगळ्या इमारतीत हवा, केअरटेकर बाईच हवी, आणि दिवसाही उघडा हवा. सकाळी आठला बाहेर काढलं तर धुक्यात दहा-अकरापर्यंत तिने जायचं कुठे? न्यायालयाने चोवीस तास म्हटलंय ते उगीच नाही.

ज्यांना खरोखर मनाचा आजार आहे त्यांच्यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. कलम १०० प्रमाणे, स्वतःची काळजी घेता न येणारा असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेणं ठाणेदाराचं कर्तव्य आहे. शहरात मानसिक आरोग्यशाळाही आहे. बसेरा, ठाणं आणि आरोग्यशाळा यांच्यात फोन फिरवणारा एक माणूस हवा. तोही पगारावरच येतो.

जनकगंज

सगळ्यांचे आभार. यावरून पत्राचा मसुदा असा सुचतो, दुरुस्त्या सांगा.

मुख्य मागणी एकच: पुढच्या बजेटमध्ये "शहरी बेघर निवारा संचालन" या नावाने स्वतंत्र मद आणि त्यात किमान १ कोटी रुपये. बांधकामाचा पैसा यात मोजायचा नाही. तो मोजला की सगळा पैसा फरशी आणि बोर्डात जातो. यातून काय व्हावं: दर निवाऱ्यात रात्री दोन जागे केअरटेकर, रजयांच्या धुलाईची तारीख दारावर लिहिलेली, कुलपाच्या पेट्या, ठेला-सायकल ठेवायला आत जागा, आणि आधार नसल्याने कोणालाही परत न पाठवणं. जयारोग्यच्या आवारातच नातेवाइकांसाठी एक निवारा, बायकांसाठी एक वेगळा. हवामान खात्याचा शीतलहरीचा इशारा आला की वेगळ्या मंजुरीशिवाय जादा खाटा आणि रात्रीची गाडी. माझ्या मते ही अट इशाऱ्यावरच न ठेवता किमान तापमान ७ अंशांवर आलं की लागू व्हावी. ओल्या धुक्यातले ७ अंश वाईटच असतात. डॉक्टरसाहेब, पटतं का?

रिटायर्ड_डॉक्टर

पटतं. म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या मुलांच्या दृष्टीने मी १० म्हटलं असतं, पण ७ ने सुरुवात करा. पावसाच्या रात्री तापमान न बघता उघडा, हेही लिहा. डिसेंबर-जानेवारीत मावठा झाला की ओल्या कपड्यांतला माणूस १२ अंशांतही गारठतो.

हिशोबनीस

पत्राआधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू या, दहा रुपये शुल्क आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. गेल्या तीन आर्थिक वर्षांत प्रत्येक रैन बसेऱ्यावर झालेला खर्च, पगार किती आणि बाकी किती, अलावच्या लाकडाचा खर्च, कंत्राटाची प्रत, रजयांच्या धुलाईची बिलं. मोघम विचारलं तर मोघम उत्तर येतं, म्हणून बिलंच मागू. मी अर्ज लिहितो. आत्ता टाकला तर बजेटच्या आधी उत्तर हातात असेल.

तहसील_निवृत्त

जिल्हाधिकाऱ्यांकडे मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) मी येतो. बेवारस मृत्यूंच्या नोंदीचा अर्ज वेगळा द्या, निगमच्या अर्जात मिसळू नका, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या टेबलावर फिरत राहतील. आणि प्रत्येकाने आपापल्या पार्षदाला (नगरसेवकाला) भेटा. परिषदेत हात वर होतो तो त्यांचा, आपला नाही.

पाटणकर_बाजार

आमच्या वॉर्डातल्या पार्षदाला मी भेटतो, माझी ओळख आहे. रात्री दोन केअरटेकर ही अट लेखी असेल तर आमच्या गल्लीतल्या लोकांशीही बोलेन. त्या अटीशिवाय नाही.

न्यूजर्सीत_लष्करकर

पेट्या आणि फोमच्या चटयांसाठी इकडचे आम्ही काही जण पैसे पाठवू. पगारासाठी पाठवणार नाही. तो निगमनेच द्यायचा, नाहीतर आमचे पैसे आले म्हणून तो मद कायमचा गळेल.

रात्रपाळी

मसुद्यात एक भर घाला. केअरटेकरचा पगार एजन्सीमार्फत नको, थेट बँक खात्यात आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आणि हजेरीच्या कागदावर तीन नावं असतील तर तपासणीला येणाऱ्याने रात्री दोन वाजता यावं, सकाळी अकराला नव्हे. बसेऱ्यात कोण जागं आहे ते रात्री दोनलाच कळतं. जनसुनवाईला मीही येतो, मंगळवारी माझी सुट्टी असते.